सूर्य फुकट, पण हिशेब पक्का हवा

सामुदायिक रेडिओवर गावोगावच्या बचत गटांसाठी झालेलं भाषण

 

आज आम्ही सोलरबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा बचतीचा, कर्जाचा विषय आटोपला की हल्ली सोलरचा विषय निघतोच. कोणाच्या स्लॅबवर निळ्या पाट्या लागल्यात, कोणाच्या वावरात सोलर पंप आलाय, कोणाच्या दारात एजंट येऊन बसलाय. आणि मग जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी म्हणतं बिल शून्य येतं, कोणी म्हणतं पावसाळ्यात सगळं बंद पडतं, कोणी म्हणतं त्याच्यानं वीज पडते. यातलं थोडं खरं, थोडं अर्धवट, आणि बरंचसं चूक.

या गोष्टी गप्पांपुरत्या असत्या तर आम्ही सोडून दिल्या असत्या. पण यात आपला पैसा गुंततो. गटातून कर्ज उचलायचं, कधी गळ्यातली पोत गहाण ठेवायची, पाट्या लावायच्या, आणि पहिल्यांदा लाईन गेल्यावर घरात अंधार बघून सगळ्यांनी घरातल्या बाईलाच बोल लावायचे, असं व्हायला नको. उलटही होतं. चुकीच्या भीतीपोटी चांगली सोय नाकारली जाते आणि घरचा माणूस रात्री बारा वाजता ओलितासाठी वावरात जात राहतो. म्हणून एकेक समज घेऊ आणि नीट पाखडून बघू.

‘ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त’

हा सगळ्यात पसरलेला समज. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बाया म्हणतात, आपल्या वर्ध्यात तर सोलरची चंगळच होईल. इथे आधी एक फरक समजून घ्या. सोलर दोन प्रकारचं असतं. एक पाणी तापवायचं. त्यात काचेच्या काळ्या नळ्या असतात आणि ते उन्हाच्या तापावर चालतं. दुसरं वीज तयार करणारं, म्हणजे त्या निळ्या किंवा काळ्या पाट्या. त्या तापावर चालत नाहीत, उजेडावर चालतात. पाटीत सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. उजेड त्यांच्यावर पडला की आत विजेचा प्रवाह सुरू होतो. अशी कामाची पहिली चकती १९५४ साली अमेरिकेत तयार झाली आणि चारच वर्षांनी ती उपग्रहावर बसून आकाशात गेली. तिथे कसला आला वैशाख?

उलट ताप हा या पाटीचा वैरी आहे. पाटीची ताकद मोजतात ती २५ अंशांवर. त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण एक टक्क्याचा तिसरा हिस्सा वीज घटते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंशांवर असली की छतावरची पाटी ६५-७० अंशांपर्यंत तापते. म्हणजे जिथे १०० मिळायला हवं, तिथे ८५ मिळतं. म्हणून पाट्या स्लॅबला किंवा टिनाला चिकटवून लावू देऊ नका. खालून वारा खेळेल इतकी उंची ठेवायला सांगा. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, त्यामुळे एकूण वीज चांगलीच मिळते. पण दुपारी दोन वाजता यंत्रावरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तर पाटी बिघडली असं समजू नका.

‘ढग आले की सोलर बंद’

ढगाळ दिवशी वीज कमी होते, हे खरं. पण बंद होत नाही. आभाळ भरून आलं तरी दिवसा आपल्याला दिवा न लावता भाजी चिरता येतेच ना? तेवढा उजेड पाटीलाही मिळतो. ढग विरळ असतील तर निम्मी वीज, आणि काळंकुट्ट आभाळ असेल तर दहा-वीस टक्के, असा ढोबळ हिशेब धरा. युरोपातल्या जर्मनीत आपल्यापेक्षा ऊन कितीतरी कमी, तरी तिथे घरोघर पाट्या आहेत.

म्हणून वीज किती मिळेल हे एका दिवसावरून मोजायचं नाही, वर्षावरून मोजायचं. १ किलोवॉटच्या पाट्या आपल्या भागात दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देतात, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट. मार्च-एप्रिलमध्ये ती वाढेल, आषाढ-श्रावणात घटेल. कोणी तुम्हाला ‘बाराही महिने सारखी वीज मिळेल’ असं सांगत असेल, तर त्याला विचारा, तुमच्या गावात पावसाळा येत नाही का?

‘सोलर लावलं की लाईन गेली तरी घरात उजेड’

बायांनो, इथे कान देऊन ऐका. सगळ्यात जास्त मन खट्टू होतं ते इथेच. गावात बहुतेक घरांवर जे सोलर लागतं, ते महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं. त्यात बॅटरी नसते. दिवसा पाट्यांनी तयार केलेली वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली लाईनवर जाते. रात्री आपण लाईनवरून वीज घेतो. आलेली किती, गेलेली किती, हे दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर लावतात. त्याला नेट मीटर म्हणतात.

आता लाईन गेली की हे सोलरही बंद होतं. भर दुपारी, टळटळीत उन्हातही. हा बिघाड नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. विचार करा, डीपीवर फ्यूज टाकायला वायरमन चढलाय. त्याने वरून लाईन बंद केली आहे. आणि आपल्या छतावरची वीज उलटी त्याच तारेत शिरली तर? तो बिचारा जागच्या जागी जाईल. म्हणून लाईन गेल्याचं कळताच आपलं इन्व्हर्टर स्वतःहून थांबतं. तो वायरमनही कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी लेक आहे.

लाईन गेल्यावरही दिवा-पंखा चालायला हवा असेल, तर बॅटरीचं सोलर घ्यावं लागतं. त्याचा खर्च वाढतो. साधी बॅटरी चार-पाच वर्षांत थकते, तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी भरावं लागतं. जुनी बॅटरी घरी फोडू नका आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नका. तिच्यात शिसं आणि तेजाब असतं. ती दुकानदाराला परत द्या, पैसेही मिळतात. आपली गरज लेकराच्या अभ्यासाच्या उजेडापुरतीच असेल, तर सोलरचा लहान कंदील किंवा एखादा छोटा संच पुरतो. त्यासाठी छतभर पाट्यांची गरज नाही.

‘सरकार फुकट लावून देतं आणि बिल शून्य येतं’

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली. तिच्या नावात ‘मुफ्त बिजली’ असे शब्द आहेत. ते ऐकून अनेक बायांचा समज झाला की पाट्याच मोफत मिळतात. तसं नाही. योजनेत अनुदान आहे. १ किलोवॉटला ३० हजार रुपये, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्तला ७८ हजार. त्याहून मोठा संच लावला तरी अनुदान ७८ हजारांवर जात नाही. कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारनेही वेगळी मदत जाहीर केली आहे. ती आपल्या घराला लागू होते का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारा.

दुसरी गोष्ट, हे अनुदान नंतर येतं. आधी पाट्या लागतात, तपासणी होते, मीटर बदलतं, आणि मग अनुदान खात्यात जमा होतं. तोवरचा पैसा आपल्याला उभा करावा लागतो. इथेच गटाचा संबंध येतो, म्हणून आपण हिशेब मांडू.

समजा, एका घराला १ किलोवॉटचा संच ७० हजारांना पडला. अनुदान ३० हजार आलं. घरचे गेले ४० हजार. आणि समजा, बिलात महिन्याला ६०० रुपये वाचले. वर्षाचे झाले ७,२०० रुपये. म्हणजे ४० हजार वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागली. पाट्या चांगल्या असतील तर त्या २५ वर्षं वीज देतात, मग सौदा वाईट नाही.

पण हेच ४० हजार आपण गटातून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलले तर? व्याजच महिन्याला ८०० रुपये. वाचले ६००, व्याज ८००. म्हणजे सूर्य फुकटात राबला आणि आपण दर महिन्याला २०० रुपये घरचे घातले. म्हणून सोलरसाठी गटाचं चढ्या व्याजाचं कर्ज उचलू नका. या योजनेसाठी सरकारी बँका कमी व्याजाचं वेगळं कर्ज देतात, तारण न ठेवता. त्याचा आजचा दर बँकेत जाऊन विचारा आणि लिहून आणा.

हेही बघा की घरात वीज किती लागते. पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, त्यापुढचा बराच जास्त. ज्या घरी दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही एवढंच आहे, त्या घराचं बिल मुळातच लहान. तिथे वाचणार तरी किती? ज्या घरी कूलर, फ्रिज, पिठाची चक्की, शिलाई मशीन आहे, तिथे फायदा मोठा. शेजारणीने लावलं म्हणून आपण लावायचं, असं हे काम नाही. घरची वर्षभराची बिलं काढा, युनिट लिहा, बेरीज करा. ती बेरीज एजंटपेक्षा खरं बोलते.

आणि बिल अगदी शून्य येत नाही. वीज एक युनिटही घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. तो लाईन आणि मीटर ठेवल्याचा पैसा आहे. ‘उरलेली वीज विकून महिन्याला पगारासारखा पैसा येईल’ हेही खरं नाही. जास्तीची वीज पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते. मार्च अखेर जी उरेल, तिचा दर आपण देतो त्याच्यापेक्षा कमी असतो. म्हणून गरजेएवढंच सोलर लावा. पोटापेक्षा घास मोठा नको.

‘पाट्यांमुळे वीज पडते, पाऊस पळतो, पिकं वाळतात’

पवनचक्क्या आल्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत असंच बोललं गेलं, की त्यांच्या पात्यांनी ढग पळतात. तसंच आता सोलरबद्दल ऐकू येतं. ढग येतात समुद्रावरून, मैलोगणती उंच आणि रुंद. दहा फुटांच्या पाटीला त्यांचं काय करता येणार? पाटी सूर्याची ताकद ओढूनही घेत नाही. छतावर पडणारं ऊन ती नसती तरी तिथेच पडलं असतं आणि स्लॅब तापवून गेलं असतं. पाटीखालची खोली उलट थोडी थंड राहते, हा आपला नफा.

विजेचं म्हणाल, तर पाटी वीज ओढून घेत नाही. पण वीज उंच जागेवर पडते, आणि आपल्या विदर्भात मृगाच्या आधी-नंतर ती किती जीव घेते हे आपण जाणतो. म्हणून छतावर पाट्या असोत-नसोत, सावधपणा हवाच. पाट्या लावताना वीज जमिनीत उतरवणारी सळई आणि अर्थिंग केलं की नाही, हे डोळ्यांनी बघा. पैसे वाचवायला कारागीर नेमकं हेच गाळतात. आभाळ गडगडायला लागलं की छतावर जाऊ नका, वावरात झाडाखाली उभ्या राहू नका. पुण्याच्या हवामान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप आहे. आपल्या जवळ वीज पडण्याचा धोका असेल तर ते मोबाइलवर आधी सांगतं. गटातल्या एकीच्या तरी मोबाइलमध्ये ते असू द्या.

गारांचीही भीती असते. पाटीवर जाड, कडक केलेली काच असते. तपासणीत तिच्यावर २५ मिलिमीटरची, म्हणजे मोठ्या बोराएवढी बर्फाची गोळी ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने मारून बघतात. त्याहून मोठी गार आली तर काच फुटू शकते. वावटळीत पाट्या उडतात त्या मात्र बहुतेक ढिल्या बांधणीमुळे. म्हणून लोखंडी सांगाडा कसा आवळलाय ते बघा. कौलारू घरावर किंवा गंजलेल्या टिनावर पाट्या चढवू देऊ नका. आंगणात खांबावर उभ्या करता येतात.

‘एकदा लावलं की बघायला नको’

पाटीत फिरणारा भाग नाही, तेलपाणी लागत नाही, हे खरं. पण धूळ? आपल्याकडे मातीचे रस्ते, कापसाचे जिनिंग, वीटभट्ट्या. चार आठवड्यांत पाटीवर थर बसतो आणि वीज घटते. तेव्हा उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी पाटी धुवा. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा सांजच्याला. भर दुपारी तापलेल्या पाटीवर थंड पाणी ओतलं तर काचेला तडा जाऊ शकतो. मऊ फडकं आणि साधं पाणी पुरे. राख, विटकरीचा चुरा, तारेची घासणी अजिबात नको. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच पुसून घ्या. पाटीवर पाय देऊन चढू नका. वरून दिसत नाही, पण आतली चकती तडकते.

आणि आता आपल्या बायांची खास गोष्ट. चैत्र-वैशाखात कुरड्या, शेवया, सरगुंडे, मुगवड्या वाळवायला जागा हवी. समोर गुळगुळीत, तापलेली, स्वच्छ काच दिसते आणि हात शिवशिवतात. तसं करू नका. चड्ड्या-लुगडीही पाटीवर वाळत घालू नका. सगळ्या पाट्या एका साखळीत जोडलेल्या असतात. एका पाटीवर सावली पडली की बाकीच्यांचीही वीज अडते, जसं पाइपाला एका जागी पाय पडला की पुढचं सगळं पाणी कमी होतं. कडुनिंबाची फांदी, डिशची छत्री, पाण्याची टाकी, यांची सावली कुठे पडते हे पाट्या लावण्याआधी सकाळ-दुपार-सांज तिन्ही वेळा बघा. पाट्यांचं तोंड दक्षिणेकडे हवं, कारण आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो.

एक इशारा. ऊन आहे तोवर पाटी वीज देतच राहते, तिला बटण नसतं. तुटलेली पाटी, सुटलेली तार, माकडांनी ओढलेलं वायर दिसलं तर हात लावू नका. पाच-सहा पाट्यांच्या साखळीत तीनशे व्होल्टच्या आसपास ताकद असते. कारागिराला बोलवा. पाटीच्या जवळ बसल्याने, तिच्याखाली झोपल्याने मात्र काही रोग होत नाही. तिच्यातून कसलेही वाईट किरण निघत नाहीत.

‘सोलर पंपाला दम नाही’

हे पुरुष मंडळी फार बोलतात, म्हणून तुम्ही नीट समजून घ्या. सोलर पंपाचं पाणी सकाळी हळू येतं, दहा ते तीनपर्यंत जोरात, नंतर पुन्हा मंदावतं. विजेच्या पंपासारखं एकसारखं नाही. पण विजेचा पंप कधी चालतो? लाईन रात्री येते तेव्हा. सेलू, कारंजा भागात बोरच्या जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत, त्यांना रात्रीचं ओलीत म्हणजे काय हे सांगायला नको. पट्टेदार वाघ, रानडुकरं, पायाखालचा साप. घरचा माणूस परत येईपर्यंत आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसा ओलीत होणं, हा या पंपाचा खरा मोल आहे. तो बिलाच्या कागदावर दिसत नाही.

राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के पैसे भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. ते कागद डब्यात सांभाळून ठेवा आणि मोडतोड किंवा चोरी झाली तर लगेच कळवा. सातबाऱ्यावर ज्या बाईचं नाव आहे, तिलाही अर्ज करता येतो. एकट्या बायांनी हे ध्यानात ठेवावं.

पण एक समज इथे उलट बाजूने घातक आहे. ‘ऊन फुकट, म्हणून पाणीही फुकट.’ पंप दिवसभर मोकळा सोडला तर विहीर चैतातच तळ गाठेल. सूर्य उद्या पुन्हा उगवतो, भूगर्भातलं पाणी तसं उगवत नाही. ठिबक जोडा, गरजेएवढंच ओलीत करा.

‘हे बायांचं काम नाही’

हा शेवटचा समज, आणि आम्हाला सगळ्यात जास्त टोचणारा. त्याला उत्तर द्यायला लांब जायची गरज नाही. देवळी तालुक्यात कवठा झोपडी नावाचं गाव आहे. तिथे बचत गटांच्या बायांची ‘तेजस्वी सोलर’ ही सहकारी संस्था आहे. उमेद अभियान पाठीशी उभं राहिलं, मुंबईच्या आयआयटीने तंत्र शिकवलं, आणि कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या हातांनी चकत्या जोडायला, सोलर पाट्या आणि दिवे तयार करायला सुरुवात केली. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच सारख्या बायांनी. ज्या मगनवाडीत १९३४ पासून कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं, त्या वर्ध्याला हे शोभणारंच आहे.

पाट्या तयार करणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण मीटर वाचणं, पाट्या धुणं, बिल तपासणं, इन्व्हर्टरवरचा लाल दिवा बघून कारागिराला नेमकं सांगणं, हे प्रत्येकीला जमतं. घरातल्या मिक्सरपासून गॅसपर्यंत सगळं आपण चालवतो, मग छतावरचं यंत्र काय वाघ आहे?

दारात आलेल्या माणसाला काय विचारायचं

सोलरच्या नावावर फसवणूकही फार चालते. ‘आजच नोंदणी करा, उद्या योजना बंद’, ‘फक्त दोन हजार भरा, बाकी सरकार बघेल’ असे फोन आणि मेसेज येतात. सरकारी योजनांसारखी दिसणारी खोटी संकेतस्थळंही निघाली आहेत. म्हणून फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नका. घाई करणाऱ्याला ‘गटाच्या बैठकीत ये’ असं सांगा. खरा असेल तो येईल, खोटा असेल तो पुन्हा दिसणार नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तो बैठकीत आला की त्याला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या.

तुमचं नाव योजनेच्या सरकारी यादीत आहे का? यादी आमच्यासमोर मोबाइलवर उघडून दाखवा.

हा संच लाईन गेल्यावर चालतो की बंद होतो?

एकूण किंमत किती, अनुदान किती, आणि ते कोणाच्या खात्यात येणार?

पाटीची हमी किती वर्षांची, इन्व्हर्टरची किती? पाच वर्षांत बिघाड झाला तर कोण येणार, कुठून येणार?

अर्थिंग आणि वीज उतरवणारी सळई याच किमतीत आहे की वेगळे पैसे?

मीटर कोणाच्या नावावर आहे, हेही आधी बघा. कितीतरी घरांत बिल अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावानेच येतं. ते नाव आधी बदलून घ्यावं लागतं, आणि थकबाकी असेल तर ती निस्तरावी लागते. नाव बदलतानाच घरच्या बाईचं नाव लावता आलं तर फारच उत्तम. छत तिच्या कष्टाने उभं आहे, कागदावरही तिचं नाव असू द्या.

मायबहिणींनो, सोलर ही देवाची करणीही नाही आणि भानामतीही नाही. ते एक यंत्र आहे. त्याचे गुण आहेत, त्याच्या मर्यादा आहेत. जी बाई दाणे चाळून, खडे वेचून मगच जात्यात घालते, तिला समज-गैरसमजही चाळता येतात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरची बारा महिन्यांची बिलं घेऊन या. ज्यांच्याकडे नसतील, त्यांना महावितरणच्या कार्यालयातून मिळतील. सगळ्या मिळून बेरजा करा. कोणाला सोलर परवडतं, कोणाला नाही, हे त्याच दिवशी कळेल. ज्यांना परवडत नाही, त्यांनी मन लहान करू नका. पिवळा बल्ब काढून एलईडी लावला तरी बिल खाली येतं, आणि त्याला कर्ज लागत नाही.

तुमच्या गटात याहून वेगळं काही बोललं जात असेल, तर ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण तेही पाखडून बघू. तोवर रामराम.